क्लाराच्या पुढचं नाव

क्लीव्हलंड, ओहायो
२ सप्टेंबर १९६९

प्रिय आई,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. आधी बस. बसलीस? मला पाचवा महिना लागलाय.

आधी कळवलं नाही, कारण गेल्या वेळी मी घाई केली आणि मग महिन्याभरात तुला दुसरं पत्र लिहावं लागलं. तसं पत्र पुन्हा लिहायची माझ्यात ताकद नाही. या वेळी डॉक्टर म्हणतात, सगळं नीट आहे. फक्त जिने नकोत, ओझी नकोत, प्रवास तर मुळीच नको. जानेवारीचा दुसरा आठवडा सांगितलाय. एमिल कारखान्यातून येताना आत्ताच पाळणा घेऊन आला आणि त्यात काय ठेवायचं ते कळेना म्हणून स्वतःची टोपी ठेवून बसलाय.

मी नाव ठरवलंय. मुलगी झाली तर क्लारा हॉलिस. मुलगा झाला तर नुसतं हॉलिस.

इथे आपली दुहेरी नावं कुणाला कळत नाहीत, आई. सहा वर्षं झाली, मला पूर्ण नावाने हाक मारणारं इथे कुणी नाही. ऑफिसात मी नुसती रूथ. ‘जॉनी? ते पुरुषाचं ना?’ असं विचारतात. माझ्या बाबांचं, म्हटलं की हसतात. माझी मुलगी ओहायोत जन्मली म्हणून तिला ओहायोचं नाव लावणार नाही मी. नाव आपल्याकडचं हवं. पहिला शब्द पणजीचा, दुसरा घराण्याचा. एक हाक मारली की चार माणसं मागे वळली पाहिजेत.

हॉलिसची काही खबर? बहीण म्हणून मी सैन्याच्या त्या कचेरीला पुन्हा लिहिलं. उत्तर मे महिन्यापासून एकच, बेपत्ता आहे, शोध चालू आहे. मी कामात असते, टाइप करत असते आणि मधेच बोटं थांबतात.

लवकर लिही.

तुझी
जॉनी रूथ


टॅलो क्रीक, अलाबामा
१० सप्टेंबर १९६९

लाडके जॉनी रूथ,

बसूनच वाचलं. मग उठले आणि कुंपणाशी जाऊन ऑटीला सांगितलं. तिने ते दहा मिनिटांत सगळ्या रस्त्याला सांगितलं. शेजारीण म्हणून ती तापदायक आहे, पण टपालापेक्षा जलद आहे.

आता ऐक. हात डोक्याच्या वर नेऊ नकोस. दोरीवर कपडे एमिलला घालू दे, त्याचे हात काही झडत नाहीत. सकाळी मळमळलं तर कोरडा मक्याचा पाव खा, लोण्याशिवाय. तुझ्या सासूबाई कोबीचं आंबट करून आणतील ते सध्या नको.

नावांचं म्हणशील तर आपल्या घरात नावांना तोटा नाही. क्लारा नेल आहे. मार्था ज्वेल आहे, तुझ्या बाबांची आत्या, ती नव्वद वर्षं जगली आणि शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवत होती. लूला ग्रेस आहे. मुलगा झाला तर तुझ्या बाबांचं जॉन आहेच, त्याला पुढे कार्टर लाव, जॉन कार्टर, छान भारदस्त वाटतं.

भेंडी अजून उतरतेय, तोडून तोडून हात खाजले. पडवीच्या जाळीला भोक पडलंय. हॉलिसच्या ट्रकची बॅटरी काढून घरात ठेवली. ऑटीचा नवरा म्हणाला, ‘अर्व्हेला, विकून टाक की तो ट्रक.’ मी म्हटलं, ‘आणि पोरगा आल्यावर काय, पायी हिंडेल?’

पाय उंच करून बसत जा.

आई


२१ सप्टेंबर

प्रिय आई,

चार पानी पत्र लिहिलंस आणि मी विचारलेलं तेवढं सोडून सगळं लिहिलंस. मी तुझीच मुलगी आहे, तू एखाद्या गोष्टीवरून वळसा घालून गेलीस की मला कळतं.

क्लारा हॉलिस. हो की नाही?

इथे माझं डोकं दोन्हीकडून खाल्लं जातंय. सासूबाईंना ल्युडमिला हवंय, त्यांच्या आईचं. काल त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, ‘दोन नावं कशाला ग? एकात भागत नाही तुमचं?’

मी म्हटलं, ‘आमच्याकडे तशी पद्धत आहे.’

‘आणि हॉलिस हे तर आडनाव. मुलीला आडनाव ठेवतात? उद्या मी नातवाला नोव्होटनी नोव्होटनी म्हणू का?’

एमिल इतका हसला की त्याला खोकला आला. मी हसले नाही. मला हल्ली हसू यायच्या आधी राग येतो. ऑफिसातून घरी आले की या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. खोल्या दोनच आहेत. बसलं की पोटातलं लाथा मारतं, चाललं की गप्प. त्यालाही बहुतेक स्वस्थ बसवत नाही.

एक शब्द लिहून पाठव, बस्स.

जॉनी रूथ


१ ऑक्टोबर १९६९

जॉनी रूथ,

एक शब्द हवा होता ना? नाही.

ते नाव सध्या वापरात आहे.

आता कारण ऐक, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस. हॉलिस हे माझ्या माहेरचं. माझे दोन्ही भाऊ मूलबाळ न होता गेले. ते नाव माझ्यापाशी संपत होतं म्हणून मी ते मुलाला दिलं, आपल्याकडच्या बायका देतात तसं. तू म्हणशील, आपल्याकडे जिवंत माणसाचं नावही मुलांना देतात. ते मला शिकवू नकोस. तुझं नाव ठेवलं तेव्हा तुझे बाबा चांगले धडधाकट होते. पण ते समोर बसून वाटाणे सोलत होते, जॉनी रूथ. मी विचारलं आणि ते म्हणाले, ‘ठेव, पण माझ्यासारखं नाक नको येऊ दे तिला.’ माणसाला विचारून त्याचं नाव घेणं वेगळं.

हॉलिसला कुणी विचारलंय? तो परत आला आणि त्याला कळलं की आपण चार-पाच महिने दिसलो नाही तेवढ्यात घरच्यांनी आपलं नाव उतरवून दुसऱ्याला घातलं, तर काय वाटेल त्याला? आणि गावाला काय वाटेल? अर्व्हेलाने पोराला मनातल्या मनात पुरलं, हेच ना?

बायबलच्या पहिल्या पानावर त्याच्या नावापुढे एकच तारीख आहे. ती एकच राहील.

क्लारा नेलला काय झालंय?

आई


९ ऑक्टोबर

प्रिय आई,

क्लारा नेलला काही झालेलं नाही. ठीक आहे. तुझ्या मनासारखं होऊ दे.

पण मी त्याला पुरत नाहीये. असं कसं लिहवलं तुला? मी गाव सोडलं, चर्चबाहेरच्या माणसाशी लग्न केलं, त्याचा राग अजून आहे का तुझ्या मनात? असेल तर तसं सरळ लिही, नावाच्या आड लपू नकोस.

मला हे नाव हवंय याला एक कारण आहे. ते पत्रात लिहिता येत नाही. समोर असतीस तरी सांगता आलं असतं का, माहीत नाही.

जॉनी रूथ


२ नोव्हेंबर १९६९

जॉनी रूथ,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर राहून गेलं.

मला तुझा कसलाही राग नाही. एमिल चांगला आहे. कारण असेल तर असू दे, सगळं सांगायलाच हवं असं नाही.

इकडे लोकांना उद्योग नाही. बुधवारपासून घरात सात भांडी येऊन पडलीत. चिकन-भाताचीच तीन. मॅकरोनी, रताळ्याचं गोड, बीन्सचं काहीतरी, आणि ऑटीचा केक. मी म्हटलं, घेऊन जा, घरात खाणारी मी एकटी. भांडं दारात ठेवून पळतात. कुणाचं कुठलं ते कळावं म्हणून तळाला नावाच्या चिकट्या लावल्यात, म्हणजे मीच परत करत फिरायचं. पाद्री टकर येऊन बसले. मी त्यांना सांगितलं, मला टोपलीभर पेकनची कवचं फोडायचीत, तुम्हाला फोडायची असतील तर अडकित्ता आणखी एक आहे. बिचाऱ्यांनी दोन तास फोडले.

गुडघा दुखतो. खबर काही नाही.

आई


८ नोव्हेंबर

आई,

सात भांडी?

मी सहा वर्षं ओहायोत राहतेय, पण वाढले टॅलो क्रीकमध्ये. आपल्या गावात सात भांडी एका घरी एकाच कारणाने येतात. तळाला चिकट्या लावून तर नक्कीच. बाबा गेले तेव्हा मीच त्या चिकट्या वाचून भांडी परत केली होती.

कोण गेलं?

मी ऑटीला फोन लावला. विचारलं, ‘ऑटी, आईकडे काय झालंय?’ ती म्हणाली, ‘तुझ्या आईला विचार बाळा.’ आणि मग गप्प. आई, ऑटी फोनवर गप्प! मला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, ‘तू खाल्लंस का काही?’ आणि रडायला लागली.

डॉक्टर मला बसमध्ये पाऊल टाकू देणार नाहीत. एमिल म्हणतो, मी जातो. त्याला पाठवू का? तू त्याला तरी सांगशील का?

मला लिही. जे असेल ते लिही.

जॉनी रूथ


१५ नोव्हेंबर १९६९

लाडके,

एमिलला पाठवू नकोस. तुझ्याजवळ राहू दे त्याला.

त्या बुधवारी दोघे आले होते. गणवेशातले. गाडी दिसली तेव्हाच मी जाळीच्या दाराची कडी घातली. मोठा होता त्याने टोपी काढली आणि म्हणाला, ‘मिसेस प्रुइट, आम्हाला कळवताना...’ एवढं ऐकलं आणि मी म्हटलं, ‘माझ्या शेंगा चुलीवर आहेत.’

तो म्हणाला, ‘आम्ही थांबतो, मॅडम.’

मी म्हटलं, ‘या शेंगांना फार वेळ लागतो.’

आणि मागच्या दाराने कोंबड्यांकडे गेले. अर्धा तास उभे होते ते. पोरगेलेसे होते ग, धाकट्याने एकदा पाय बदलला, मला खुराड्यातून दिसत होतं. शेवटी ते पाद्री टकरांकडे गेले आणि त्यांना सांगून निघून गेले. मागोमाग तार आली. ती शिवणयंत्राच्या खणात आहे. फोडलेली नाही. टकर मला सांगायला आले, मी त्यांच्या हातात पेकन दिले, ते तुला लिहिलंच आहे.

म्हणजे मी ऐकलेलं नाही. सगळ्या गावाने ऐकलंय, मी नाही. आणि जे माझ्या घरात कुणी बोललेलं नाही ते माझ्या घरात झालेलं नाही. तुला वेडेपणा वाटेल. वाटू दे.

तू रडलीस तर पोटातल्याला त्रास होईल, म्हणून लिहिलं नव्हतं. आता लिहिलंय तर जपून रड.

नाव अजून वापरात आहे.

आई


२७ नोव्हेंबर १९६९

प्रिय आई,

आज आभार मानायचा सण. सासूबाईंनी टर्कीऐवजी बदक भाजलंय, सगळे बाहेरच्या खोलीत आहेत. मी आत येऊन दार लावलंय. आज लिहिलं नाही तर कधीच लिहिणार नाही.

हॉलिस जानेवारीत इथे दोन दिवस आला होता ते तुला माहीत आहे. लढाईवर जायच्या आधी बहिणीला भेटायला आला, एवढंच तुला माहीत आहे.

शनिवारी आम्ही तिघं तलावाच्या काठी गेलो. पाणी गोठलं होतं. हॉलिस बराच वेळ पलीकडे बघत होता. मग त्याने विचारलं, ‘एमिल, इथून कॅनडा किती?’

एमिल म्हणाला, ‘सरळ गेलास तर पन्नास मैल. रस्त्याने वळून गेलो तर तीन तास.’

‘मला सोडशील?’

आई, एमिलने काही विचारलं नाही. त्याने खिशातून किल्ल्या काढल्या. बस्स, एवढंच. त्याचे वडील असेच एक सरहद्द ओलांडून आलेत, त्याला समजावून सांगावं लागलं नाही.

मी मधे पडले. मी म्हटलं, ‘वेड लागलंय का दोघांना? सैन्यातून पळून जायचं? आईला चर्चमध्ये मान वर करता येणार नाही. बाबांच्या नावाला काय म्हणतील लोक? वर्षाचा तर प्रश्न आहे, हॉलिस. वर्ष म्हणजे काय?’ आणखीही बरंच बोलले. मला बोलताना फार बरं वाटत होतं, आपण किती समजूतदार म्हणून.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘बरं, जॉनी रूथ.’ दोन्ही नावांनी, घरी म्हणायचा तसं. रविवारी दुपारच्या बसने गेला.

एमिलने त्या किल्ल्यांचा विषय आजपर्यंत एकदाही काढलेला नाही. त्याने एकदा तरी बोलून टाकावं असं मला वाटतं.

हे माझं कारण. म्हणून मला ते नाव हवं होतं. मीच त्याला परत पाठवलं आणि मीच त्याचं नाव घरात घेऊन येणार होते, म्हणजे थोडं तरी... काय थोडं, ते मला लिहिता येत नाही.

आता तू काहीही म्हण. मी ऐकेन.

जॉनी रूथ


१९ डिसेंबर

आई,

तीन आठवडे झाले. टपालवाल्याला आता मला बघून लाज वाटते, लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

शिव्या दे, पण लिही. ऑटीने सांगितलं, तू धडधाकट आहेस आणि चर्चला येत नाहीस.

जॉनी रूथ


९ जानेवारी १९७०

प्रिय आई,

मुलगी झाली. सोमवारी, पाच तारखेला, आठवडाभर आधीच. साडेसहा पौंड. नाक बाबांचं आहे. माफ कर, पण आहे.

ऑटीकडे फोन केला होता, तिने सांगितलंच असेल. तू फोनवर आली नाहीस. ऑटी म्हणाली, तू पडवीच्या पायरीवर उभी राहून ऐकत होतीस.

हॉस्पिटलात कारकून बाई कागद घेऊन आली. नाव? मी म्हटलं, क्लारा. ‘मधलं?’ मी पांघरूण सारखं केलं. ती म्हणाली, ‘मधलं नसलं तरी चालतं.’ मी म्हटलं, ‘मधलं नाहीये ते. तिचं नाव दोन शब्दांचं आहे. दुसरा अजून यायचाय.’ ती बघतच राहिली. म्हणाली, ‘कुठून यायचाय?’

आणि काय सांगू, सासूबाई खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं, आता ल्युडमिला सांगून मोकळ्या होतात. त्या कारकून बाईला म्हणाल्या, ‘अलाबामातून यायचंय. माझ्या सुनेच्या आईकडून. तुम्ही जा आता.’ एमिलने त्यांना सगळं सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं.

महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तोवर आम्ही नुसतं क्लारा म्हणतो. अर्धीच हाक मारल्यासारखं वाटतं. ती रडते तेव्हा मी तिला घेऊन खिडकी ते दार, दार ते खिडकी फिरते आणि तुझ्याशी भांडते. मग वाटतं, तू बरोबर होतीस. त्याचं नाव मागायचा मला काय हक्क? तू म्हणशील ते लिहीन मी. नेल म्हणालीस तर नेल. पण तू लिहून पाठव. तुझ्याकडून आल्याशिवाय ती जागा मी भरणार नाही.

जॉनी रूथ


१६ जानेवारी १९७०

माझे लाडके जॉनी रूथ,

मी तुला तीन पत्रं लिहिली आणि तिन्ही चुलीत घातली. तुझ्यावर रागावले होते म्हणून नाही. हे चौथं. हे मी ऑटीच्या हातात देणार आहे, म्हणजे चुलीपर्यंत जाणार नाही.

त्या रविवारी हॉलिसने मला फोन केला होता. तुमच्या तिथल्या बसस्टँडवरून, ऑटीच्या घरी. चर्च नुकतंच सुटलं होतं. ऑटी मला हाका मारत आली, मी टोपीसुद्धा काढली नव्हती. तो म्हणाला, ‘आई, मी असं काही केलं की तुला चर्चमध्ये मान खाली घालावी लागली, तर?’

मला वाटलं, पोरीची काही भानगड आहे. शपथेवर सांगते, माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. बावीस वर्षांचा पोरगा, नाकीडोळी नीटस, मला दुसरं काय वाटणार? आणि ऑटी तिथेच उभी, कान टवकारून. तिला ऐकू जावं म्हणून मी जरा जास्तच ठणकावून म्हटलं, ‘असलं काही करशील तर या घराचं दार तुला बंद. प्रुइटांच्या घरात असलं कुणी केलेलं नाही.’

तो जरा हसला. म्हणाला, ‘नाही करत, आई.’ मग म्हणाला, बस लागली. मी त्याला मफलर घेतलास का ते विचारलं. शेवटचं मी त्याच्याशी मफलरबद्दल बोलले.

वर्षभर मी ते बोलणं मनात ठेवून खूश होते, जॉनी रूथ. माझं पोरगं भानगडीत पडता पडता आईचं ऐकून सावरलं, असं मी समजत होते. तुझं पत्र आलं आणि मला कळलं, त्याने मला काय विचारलं होतं.

तुझ्या एकटीमुळे तो परत गेला नाही. तू नाही म्हणालीस तरी त्याने मला विचारून पाहिलं. म्हणजे त्याच्या मनात अजून होतं. दार मी लावलं. हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, खरं आहे म्हणून लिहितेय. तू एकटीने ते ओझं वाहू नयेस. डॉक्टरांनी ओझी नको म्हटलंय ना.

एमिलला सांग, मी त्याची ऋणी आहे. किल्ल्या काढल्या त्याबद्दल. आमच्या दोघींपेक्षा त्याने त्या पोराला जास्त ओळखलं.

आता नावाचं.

मी म्हणत होते, वापरात आहे. मग महिनाभर घरात बसून बघितलं, कुठे आहे वापरात? मी ते उच्चारत नाही. ऑटी माझ्यासमोर उच्चारत नाही. पाद्री ‘तुमचा मुलगा’ म्हणतात. मी बाजूला असले की सगळं गाव त्या नावाभोवती पाय न वाजवता चालतं. मीच ते बंद करून टाकलंय. असंच चाललं तर तू आणि मी यापुढे जेव्हा जेव्हा हॉलिस म्हणू तेव्हा तेव्हा आपल्याला तो गोठलेला तलाव आणि तो फोनच आठवेल, म्हणून आपण म्हणणंच सोडून देऊ. तसं मला नको आहे.

लहान मूल घरात असलं की त्याचं नाव दिवसातून शंभर वेळा घ्यावं लागतं. हात धू, खाली उतर, ते तोंडातून काढ. शंभर वेळा म्हटलं की त्यात दुसऱ्या आठवणी शिरायला जागा होते.

पण एक अट आहे. प्रायश्चित्त म्हणून ठेवू नकोस. तिच्याकडे बघताना तुला त्याची माफी मागावीशी वाटणार असेल तर नेल ठेव, लूला ठेव, नाहीतर सासूबाईंचं ते ल्युडमिला ठेव, मी शिकेन म्हणायला. ती कुणाच्या बदल्यात आलेली नाही. आणि कुणी विचारलं, कुणाचं नाव, तर सांग, आजीच्या माहेरचं. ते हॉलिसचं होतं त्याच्या आधी वीस वर्षं माझं होतं. शाळेत मास्तर हजेरी घ्यायचे, ‘अर्व्हेला हॉलिस’, आणि मी उभी राहायचे. तेव्हा मी ते तुला देऊ शकते. त्यासाठी मला कुणाला विचारावं लागत नाही.

लिही त्या जागेत.

तार मी उद्या टकरांकडे घेऊन जाणार आहे. त्यांनी वाचावी, मी ऐकेन.

आई


२ फेब्रुवारी १९७०

प्रिय क्लारा हॉलिस,

तुझ्या आईने कागदाची नक्कल पाठवली. दोन्ही शब्द ठळक अक्षरात आहेत. ती कपाटावर लावलीय. हे पत्र तुला वाचता येईल तोवर सांभाळून ठेवायला तिला सांगितलंय.

तुझ्या नावाचा एक मामा होता. मी त्याच्याबद्दल तुला लिहून ठेवते, कारण लोक पुढे तुला सांगतील की तो शूर होता, आणि मग तुला वाटेल की तो पुतळा होता. त्याला ताक आवडत नसे. चर्चमध्ये सगळ्यात मोठ्याने गायचा आणि एकही सूर धड लागत नसे, पुढच्या बाकावरच्या बायका मान वळवून बघायच्या. रस्त्यावर कासव दिसलं की गाडी थांबवून त्याला उचलायचा आणि ते ज्या बाजूला निघालं होतं त्याच बाजूला नेऊन सोडायचा. यामुळे तो कुठेही वेळेवर पोचला नाही. खोटं बोलताना डावा कान चोळायचा. फोनवर मला तो कान दिसला नाही.

तो एक नदी पार करताना गेला. दुसऱ्या एका पोराला ओढून काढत होता. ते पोरगं वाचलं, त्याने मला पत्र लिहिलंय. नदीने तुझ्या मामाला परत दिलं नाही. बायबलच्या पानावर दुसरी तारीख मी स्वतःच्या हाताने लिहिली. त्याच पानावर खाली तुझं नाव लिहिलं, तिथे एकच तारीख आहे.

एप्रिलमध्ये तुझे वडील तुम्हा दोघींना घेऊन येणार आहेत, तुझी दुसरी आजीही येतेय म्हणे. कोबीचं आंबट आणू दे तिला. मी भेंडी तळेन, बघू कोण काय खातं.

आज सकाळी मी मागच्या पडवीत उभी राहून तुझं नाव मोठ्यांदा म्हणून पाहिलं. इतक्या दिवसांत जिभेला सवय राहिली नव्हती. पहिल्यांदा पहिलाच शब्द बाहेर पडला आणि दुसऱ्याला आवाज फुटेना. दुसऱ्यांदा दोन्ही आले, जरा जोरातच आले.

कुंपणापलीकडून ऑटीने डोकं वर काढलं. तिचा चेहरा घाबरल्यासारखा झाला होता. म्हणाली, ‘अर्व्हेला, कुणाला हाक मारतेस ग?’

मी म्हटलं, ‘माझ्या नातीला.’

तुझी आजी
अर्व्हेला हॉलिस प्रुइट